अकरा कोंबड्यांचा हिवाळा

गीला कॅनडाच्या पश्चिम टोकाला, बर्नाबीच्या युनिव्हर्सिटीत शिकायला गेली ते साल दोन हजार सोळा. नवगावकरांच्या घरातलं हे एकुलतं एक नातवंड. तिला विमानात बसवून आल्यावर तिचा बाप आशेर आईच्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसला आणि चहा निवायच्या आत म्हणाला, "आई, आता तुम्ही दोघं पण एटोबिकोला चला. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक कॉन्डो एप्रिलला रिकामा होतोय. अठरावा मजला, खिडकीतून सरोवर दिसतं."

"आणि हे घर?" ईव्हाबाईंनी विचारलं.

"विकायचं. मागच्या विंटरला बाबांना बर्फ शोव्हल करताना मी पाहिलंय. दम लागतो त्यांना."

त्याचे वडील सोलोमन पेपरमागून म्हणाले, "दम लागत नाही. मी मध्ये मध्ये थांबून बर्फ बघतो."

आशेर हसला, पण विषय त्याने सोडला नाही. ब्रॅम्पटन शहराच्या उत्तरेला, जिथे घरं संपून शेतं लागतात, तिथे त्यांचं हे घर. मागे अर्धा एकर जमीन. एकतीस वर्षं त्या जमिनीत त्यांनी भेंडी, मेथी आणि टबातलं अळू काढलं होतं. लेकाच्या कॉन्डोत दोन दिवस राहिलं की तिसऱ्या दिवशी त्यांना पाय कुठे टेकवावेत ते कळत नसे. आपण मरू तर या मातीजवळ मरू, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण ते लेकाला तोंडाने सांगता येईना.

नवगावकर मंडळी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. अलिबागेजवळचं नवगाव त्यांचं गाव. सोलोमन एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला कॅनडात आले आणि बावीस वर्षं एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम करून रिटायर झाले. ईव्हाबाई त्याच गावच्या, त्याही तेल्याच्याच घरातल्या. लहानपणी त्यांच्या आईकडे वीस-पंचवीस कोंबड्या असायच्या. कोंबड्या असलेलं घर सोडून आल्याला पन्नास वर्षं झाली, तरी कुठे आरवणं ऐकू आलं की त्यांची मान आपोआप वळायची.

त्या वर्षी सुक्कोथ या सणाचा अंगणातला मांडव उतरवून झाला आणि दुसऱ्याच दिवशी ती वळली. आरवणं नव्हतं, कोंबड्यांची किरकिर होती. तीन घरं सोडून वॉल्टर नावाचा म्हातारा शेतकरी राहायचा. सप्टेंबरात तो जिन्यावरून पडला आणि त्याला नर्सिंग होममध्ये नेलं. घराला बिल्डरची पाटी लागली होती. ईव्हाबाई कुंपणाला वळसा घालून मागे गेल्या, तर मोडक्या पत्र्याखाली अकरा कोंबड्या. पाण्याचं भांडं शेवाळलेलं. पाठीवरची पिसं गेलेली, नखं वाढून वाकडी झालेली, पायांवरचे खवले जुन्या झाडाच्या सालीसारखे उचकटलेले. कुणी तरी अधूनमधून दाण्याची पिशवी उपडी करून जात असावं, बाकी वाली नाही.

वॉल्टरचा मुलगा सामान न्यायला आला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, सोमवारी माणूस बोलावला आहे, तो निकाल लावेल. हव्या असतील तर घेऊन जा.

ईव्हाबाई घरी आल्या त्या कपडे धुवायच्या तीन बास्केट घेऊनच बाहेर पडल्या. "अहो, गाडी काढा."

"कुठे जायचंय?"

"कोंबड्या आणायच्यात."

"दुकानातून?"

"जिवंत. अकरा."

सोलोमननी गाडीची चावी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. "माझ्या गाडीत? सीटवर?"

"नको सीटवर. मांडीवर घेऊन बसा, मी चालवते."

गाडी सोलोमननीच चालवली, चारी काचा उघड्या ठेवून.

पहिले आठ दिवस ईव्हाबाईंनी एकेक कोंबडी मांडीवर घेऊन तिचे पाय कोमट पाण्याने धुतले आणि खवल्यांवर खोबरेल चोळलं. नखं कापली. परातीत फायरप्लेसची राख आणि वाळू कालवून ठेवली, की त्या तिच्यात लोळून पिसांतल्या उवा झटकतात. सोलोमन बेसमेंटच्या दारात उभे राहून बघायचे.

"तेल्याची लेक ती तेल्याचीच लेक. खोबरेल बाजारात उरणार नाही."

"तुमच्या डोक्याला लावून वाया घालवलं, त्यापेक्षा बरं."

आशेरला ही बातमी फोनवर कळली. रविवारी तो स्वतः आला. परसात अकरा उघड्यावाघड्या कोंबड्या आणि त्यांच्यामागे जुना स्वेटर घातलेली आई बघून त्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "आई, यू कान्ट बी सीरियस. आम्ही तुम्हाला इथून न्यायला बघतोय आणि तू माणसं वाढवतेस?"

"माणसं नाहीत, कोंबड्या आहेत."

"पहिल्या विंटरलाच संपतील."

"का संपतील? मला कोंबड्यांतलं कळतं."

"बरं. एप्रिलपर्यंत, पेसाहच्या सणापर्यंत जगवून दाखव. अकराच्या अकरा. मग मी कॉन्डोचं नाव काढणार नाही."

"आणि एखादी गेली तर?" सोलोमननी विचारलं.

"तर तुम्ही दोघं चलायचं, नो आर्ग्युमेंट."

आशेर हे थट्टेतच म्हणाला होता. पण ईव्हाबाईंनी ओंजळीतले दाणे खाली टाकले, हात पदराला पुसला आणि पुढे केला. लेकाला तो हातात घ्यावाच लागला. थट्टा तिथे संपली.

दुसऱ्या दिवसापासून मागची लाकडी शेड रिकामी व्हायला लागली. स्नो ब्लोअर गॅरेजमध्ये गेला, गवत कापायचं मशीन बेसमेंटमध्ये. मांडवाचे वासे आडवे ठोकून कोंबड्यांना बसायला दांडे झाले. वाशाची रुंद बाजू वर, म्हणजे बसलेल्या कोंबडीची बोटं तिच्याच पिसांखाली झाकली जातात. खाली वीतभर लाकडाचा भुसा आणि पेंढा. दाराला सोलोमननी दुहेरी कडी बसवली, कारण रकून नावाचं इथलं जनावर साधी कडी माणसासारखी उघडतं. खिडकीला आणि फटींना बारीक जाळी.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पुढचं ईव्हाबाईंनी आपल्या मनाने केलं.

नवगावात त्यांची आई रोज संध्याकाळी खुराड्याभोवती फिरून बोटाने चाचपायची. बोटभर भोक दिसलं की शेणमाती लिंपायची, कारण बोटभर भोकातून मुंगूस शिरतं आणि सकाळी नुसती पिसं सापडतात. ती सवय ईव्हाबाईंच्या बोटांत होती. नोव्हेंबरात वारा सुटला तशा त्या शेडभोवती फिरल्या आणि फट दिसेल तिथे काही ना काही कोंबलं. छपराखालची लांब फट जुन्या साड्यांनी भरली. खिडकीवर बबल रॅप, त्यावर चिकटपट्टी. दाराखाली गोधडीची गुंडाळी. शेवटी आत उभं राहून दार लावलं तर बाहेरच्या उजेडाचा एक धागा आत येत नव्हता.

"मुंगीला व्हिसा काढून यावं लागेल," सोलोमन म्हणाले.

"थंडीलाही लागेल," ईव्हाबाई म्हणाल्या आणि समाधानाने घरात गेल्या.

डिसेंबरच्या मध्याला पारा उणे अठरावर उतरला. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुरू झाला. शनिवारी सकाळी उजाडल्यावर ईव्हाबाई कोमट पाण्याची बादली घेऊन शेडकडे गेल्या. दार ओढून उघडलं तर आतून असा उग्र वास आला की डोळ्यांतून पाणी आलं. आणि वरून टपकन थेंब मानेवर पडला.

त्या बादली तिथेच ठेवून घरात आल्या. "अहो, उठा. शेडमध्ये पाणी गळतंय."

"छप्पर नवीन आहे," सोलोमन पांघरुणातून म्हणाले.

"वरून नाही. आतूनच गळतंय."

आतून म्हटल्यावर सोलोमन उठले. पायजम्यावर जॅकेट चढवलं आणि बुटांच्या नाड्या न बांधता बाहेर पडले. शेडमध्ये जाऊन त्यांनी आधी कोंबड्यांकडे बघितलंच नाही, छताकडे बघितलं. मग भिंतीवर तळहात ठेवला. भिंतीवर पांढरं दंव साठलं होतं, छताच्या फळ्यांवर थेंबांच्या रांगा होत्या, पेंढा हाताला ओला लागत होता. दांड्यावर कोंबड्या अंग फुगवून बसल्या होत्या. चौघींच्या तुऱ्यांची टोकं राखाडी पडली होती. सगळ्यात म्हातारी काळी कोंबडी खाली कोपऱ्यात डोळे मिटून पडली होती.

"थंडी शिरली कुठून तरी," ईव्हाबाई म्हणाल्या. "मी हीटर आणते."

"थांब. हीटरने आणखी वाफ होईल. आणि पेंढ्यात ठिणगी पडली तर अकरा जणींची भट्टी." सोलोमननी बोटाने छतावरचा थेंब टिपला. "आमच्या चार नंबरच्या चेंबरला असंच व्हायचं. कुणी दार नीट लावलं नाही, बाहेरची दमट हवा आत शिरली, की सकाळी सगळीकडे दंव. इथे दमट हवा बाहेरची नाही, यांचीच आहे. अकरा जणी रात्रभर श्वास सोडतात, खाली घाण ओली. ती वाफ जाणार कुठे? तू दारं-खिडक्या बंद करून ठेवल्यास. मग ती त्यांच्याच अंगावर बसते आणि गोठते."

"तुम्हाला कोंबड्यांतलं काय कळतं? आमलेटच्या पलीकडे?"

"कोंबड्यांतलं नाही कळत. थंडीतलं कळतं. बावीस वर्षं थंडीनेच आपलं पोट भरलंय. कोरडं कोंबडं थंडी सोसेल ईव्हा, त्याला पिसं आहेत. भिजलेलं नाही सोसणार."

ईव्हाबाईंनी भिंतीकडे बघितलं. एकेक फट त्यांनी आपल्या हाताने बुजवली होती. मुंगसाची भीती पन्नास वर्षं आणि सात समुद्र ओलांडून त्यांच्याबरोबर आली होती, आणि त्या भीतीने त्यांनी या जिवांना डब्यात कोंडलं होतं. वॉल्टरच्या मोडक्या पत्र्याखाली निदान वारा तरी होता. काळी गेली तर घर गेलं. पण त्या क्षणी त्यांना घरापेक्षा लाज जास्त वाटली.

"मग करवत आणा," त्या हळू म्हणाल्या. "वर दोन्ही बाजूंना भोकं पाडा."

सोलोमननी दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले. मग म्हणाले, "आज शनिवार."

नवगावात त्यांच्या घराण्याला सगळा गाव शनवारतेली म्हणायचा, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा घाणा शनिवारी बंद असायचा. सोलोमन प्रार्थनाघरात फार बसणारे नव्हते, पण शनिवारी हातात हत्यार धरायचं नाही, हा नेम त्यांनी वेअरहाऊसमध्येही मोडला नव्हता. शनिवारची शिफ्ट नको म्हणून सुपरवायझरची जागा दोनदा सोडली होती.

"संध्याकाळी तारे दिसून शब्बाथ संपला की लगेच करतो," ते म्हणाले.

"संध्याकाळपर्यंत काळी राहणार नाही."

"मला कळतंय गं. पण..."

"तुमचे आजोबा शनिवारी घाणा बंद ठेवायचे ना?"

"ठेवायचे."

"आणि घाण्याचा बैल? त्याला शनिवारी वैरण घालायचे की नाही? की बांधून उपाशी ठेवायचे?"

सोलोमनचे आजोबा शनिवारी सकाळी सगळ्यात आधी बैलाला वैरण घालायचे आणि मग स्वतः चहा घ्यायचे, हे त्यांनी स्वतःच ईव्हाबाईंना शंभरदा सांगितलं होतं.

सोलोमननी छपराखालच्या फटीकडे बघितलं. साडीचा एक जांभळा कोपरा तिथून लोंबत होता.

"हे काढायला हत्यार लागत नाही," ते म्हणाले.

त्यांनी बादली उपडी केली, तिच्यावर चढले आणि साडीचं टोक ओढायला लागले. साडी निघता निघेना. पाच वार, सात वार, ओढतायत आणि ती येतेच आहे.

"किती कोंबलंयस? लुगड्यांचं दुकान भरलंस की काय?"

"ही माझी आशेरच्या लग्नातली. बघा, इथे डाग पडला म्हणून काढून ठेवली होती."

"कोंबड्यांना आहेर झाला."

साडी संपली तशी त्या फटीतून कोंडलेली वाफ बाहेर पडायला लागली, भाताच्या पातेल्यावरचं झाकण सरकवावं तशी. दुसऱ्या बाजूचीही ओढून काढली. आत हवा हलली, पण वरच्या वर. दांड्यावर बसलेल्या कोंबड्यांचं पीससुद्धा हललं नाही. सोलोमननी हात वर आणि मग खाली धरून ते दोनदा तपासलं, वेअरहाऊसमध्ये तपासायचे तसं. ईव्हाबाईंनी ओला पेंढा हाताने ओढून बाहेर टाकला, कोरडा घातला, तुऱ्यांना व्हॅसलीन लावलं. काळीला टॉवेलात गुंडाळून बेसमेंटमध्ये नेलं.

संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले आणि पाच मिनिटांत सोलोमन करवत घेऊन शिडीवर होते. छपराखाली दोन्ही बाजूंना वीतभर उंचीच्या झडपा झाल्या, आतून जाळी लावली.

काळी तीन दिवस बेसमेंटमध्ये होती. पहिल्या दिवशी ती चोच उघडेना. सोलोमन वॉशिंग मशीनजवळ खुर्ची टाकून बसले आणि बोटाने दहीभात तिच्या चोचीला लावत राहिले. ईव्हाबाईंनी वरून हाक मारली, "जेवायला येताय ना?"

"हिचं होऊ दे."

"माझ्याशी लग्न झाल्यापासून मला कधी भरवलं नाहीत."

"तुझी चोच कधी मिटलीच नाही."

तिसऱ्या दिवशी काळी उठली, सोलोमनच्या पायावर चढली आणि बुटाची नाडी ओढायला लागली. तिचं नाव सुपरवायझर पडलं, कारण सोलोमनच्या म्हणण्याप्रमाणे असं दुसऱ्याच्या कामात चोच घालणारं त्यांनी आधी एकच बघितलं होतं, वेअरहाऊसमध्ये.

जानेवारीत पारा उणे बावीसवर गेला. चौघींच्या तुऱ्यांची टोकं काळी पडून गळली, पण जखमा वाळल्या आणि भिंती कोरड्या राहिल्या. पाणी दिवसातून तीनदा गोठायचं, तीनदा बदलायचं. बर्फ पडला की सोलोमन आधी शेडची वाट शोव्हल करायचे, ड्राइव्हवे मागून. आशेरचा रोज फोन यायचा. तो आता हॅलोसुद्धा म्हणत नसे.

"किती?"

"अकरा."

"शुअर?"

"ये आणि मोज."

फेब्रुवारीच्या शेवटी उजेड वाढला आणि पिसांचा नवा कोट चढवून कोंबड्या अंड्यावर आल्या. गीलाने बर्नाबीहून व्हिडिओवर बघितल्या. "आजी, दे लुक सो फॅट," ती म्हणाली. ईव्हाबाईंना वाटलं, इतकं चांगलं कुणी आजवर आपल्या कामाबद्दल बोललं नव्हतं.

पेसाहच्या आदल्या दिवशी, एप्रिलच्या नऊ तारखेला, आशेर आला. आल्या आल्या त्याने आपल्या गाडीचे काढलेले विंटर टायर शेडच्या कडेला एकावर एक रचून ठेवले. कॉन्डोत ते ठेवायला जागा नव्हती. मग घरात शिरून त्याने आईने काढलेल्या साफसफाईत तासभर हातभार लावला. हात धुऊन तो परसात आला आणि मोजायला लागला.

"आठ, नऊ, दहा." तो थांबला. परत मोजलं. "आई, दहा आहेत."

ईव्हाबाई हातातलं फडकं घेऊनच धावल्या. शेडमध्ये दांडे रिकामे. अंड्यांच्या खोक्यात कुणी नाही. कुंपण धड. "सुपरवायझर नाही," सोलोमन म्हणाले. सहा महिने ईव्हाबाई त्या एका आकड्यावर जगल्या होत्या. आकाशात ससाणा फिरत असतो हे त्यांना माहीत होतं. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आशेर, तू म्हणशील तसं. शब्द दिलाय मी."

"आई, गप्प बस," आशेर म्हणाला. तो स्वच्छ शर्टात कुंपणाच्या कडेकडेने वाकून झुडपांत हात घालत होता. "काळी आहे ना? आता तासापूर्वी माझ्या पायात होती ती." इंग्रजीत काहीबाही पुटपुटत त्याने गॅरेज बघितलं, गाडीखाली बघितलं, स्नो ब्लोअरच्या मागे बघितलं. त्याला त्या घडीला कॉन्डो आठवत होता असं त्याच्याकडे बघून कुणी म्हटलं नसतं.

मग तो टायरांपाशी थांबला आणि आत डोकावला. "बाबा, इकडे या."

चार टायरांच्या विहिरीत, तळाला, काळी कोंबडी बसली होती. आशेरने हात घातला तर तिने चोच मारली. दुसऱ्यांदा हात घातला आणि तिला बाहेर काढलं. खाली एक अंडं होतं, अजून गरम.

"अकरा," सोलोमन म्हणाले आणि बादलीवर बसले.

आशेर कोंबडी काखेत आणि अंडं हातात घेऊन उभा राहिला. शर्टाला चिखल, मनगटावर चोचीचा लाल ओरखडा. कोंबडी आईच्या मांडीवर ठेवून त्याने फोन काढला, गॅरेजच्या कडेला जाऊन दोन मिनिटं बोलला आणि परत आला.

"कुणाशी बोललास?" ईव्हाबाईंनी विचारलं.

"बिल्डिंगच्या मॅनेजरशी. कॉन्डो नको म्हणून सांगितलं." तो पायरीवर आईशेजारी बसला. "पण बाबा, शोव्हलला माणूस लावायचा. त्यावर आर्ग्युमेंट नको."

"ड्राइव्हवेला लाव," सोलोमन म्हणाले. "शेडची वाट माझी."

"ओके."

"आणि ते टायर इथेच राहू देत. तिला जागा आवडलीय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाच्या, ताटात भाजलेलं अंडं ठेवायचं असतं, तिथे ते टायरातलं अंडं ठेवलं. आशेरने स्वतः भाजलं आणि एका बाजूने जाळलं.

त्यानंतर नवगावकर नवराबायको त्याच घरात राहिले. पुढच्या हिवाळ्यांत कोंबड्या वयाने एकेक कमी होत गेल्या. त्याचा हिशोब आशेरने कधी मागितला नाही. रविवारी तो यायचा तेव्हा आधी परसात जायचा आणि मग घरात. ईव्हाबाई आजही तिथेच आहेत, शेडच्या झडपा दर नोव्हेंबरला स्वतः झाडून साफ करतात.

सोलोमन नवगावकर मंगळवार, पाच नोव्हेंबर दोन हजार एकोणीस रोजी सकाळी, ब्रॅम्पटनच्या त्याच घरात वारले. त्या वेळी ते एकोणऐंशी वर्षांचे होते.